‘जो’ची झोप : एका आजाराच्या वाङ्मयीन नावाची गोष्ट

साहित्यातल्या पात्रांची नावे आजारांना देण्याची वैद्यकाला जुनी हौस आहे. संशयाने पछाडलेल्या नवऱ्याच्या विकाराला ऑथेल्लोचे नाव मिळाले, आपले शरीर लहानमोठे होत असल्याचा भास होणाऱ्यांच्या विकाराला ॲलिसचे. अशा नावांत बहुधा वाचलेल्या पुस्तकाचे स्मरण आणि थोडे कौतुक एवढेच असते. आजाराच्या आकलनात त्या पात्राचा फारसा वाटा नसतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘द पिकविक पेपर्स’मधल्या जो ह्या पोराची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याने एका आजाराला नाव दिले, त्या आजाराचे चित्रही दिले. आणि ते चित्र इतके ठसठशीत निघाले की पुढे कित्येक वर्षे ह्या आजारात सगळे जोलाच शोधत राहिले. जो जिथे दिसला नाही तिथे आजारही दिसला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. त्यात माझा स्वतःचा संबंध कुठे येतो तेही ओघाने सांगेन, कारण तो वगळून हा इतिहास मला लिहिता येणार नाही.

‘पिकविक पेपर्स’चे मासिक भाग एप्रिल १८३६पासून नोव्हेंबर १८३७पर्यंत प्रसिद्ध झाले. सुरुवातीला डिकन्स चोवीस वर्षांचा होता. वॉर्डल नावाच्या खुशालचेंडू जमीनदाराकडे जो हा नोकर आहे : अतिशय लठ्ठ, तांबूस चेहऱ्याचा, आणि सदासर्वकाळ झोपलेला. तो प्रथम भेटतो तो सैन्याच्या कवायतीच्या प्रसंगी. तोफा धडाडताहेत, बायका किंचाळताहेत आणि हा गाडीच्या पुढच्या बैठकीवर गाढ झोपेत. पाठवलेल्या कामावर तो झोपेतच जातो, जेवणाच्या टेबलाशी वाढायला उभा असताना घोरतो. खाण्याचे नाव निघाले की तेवढा डोळे उघडतो. कादंबरीच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. वकिलाच्या कचेरीचे दार कोणीतरी अखंड ठोठावते आहे. दार उघडले तर बाहेर हा पोरगा, डोळे मिटलेले. दार उघडेपर्यंत ठोठावणे थांबवायचे नाही, अशी त्याला मालकाची आज्ञा आहे. कारण मध्ये थांबला तर तिथेच उभ्या उभ्या झोपेल.

हा प्रसंग मी बी.ए.ला असताना वाचला तेव्हा हसलो होतो. आता वाचतो तेव्हा मला त्यात निरीक्षण दिसते. झोप टाळण्यासाठी शरीर सतत हलते ठेवणे ही त्या आजारी माणसाची नेहमीची युक्ती असते. ती कोणी शिकवावी लागत नाही. शिवाय सॅम वेलर ह्या पोराला जे टोपणनाव देतो त्याचा अर्थ अंगात पाणी भरलेला, सूज असलेला, असा होतो. लठ्ठपणा, लाल चेहरा, सूज, घोरणे आणि दिवसाची झोप ही पाच लक्षणे डिकन्सने एका माणसात एकत्र पाहिली, हे काही कल्पनाशक्तीचे काम नव्हे. त्याने असा कोणीतरी पाहिला असला पाहिजे. पण त्याने तो ज्या जातीच्या लेखनात आणला तिथे अशा माणसाचे एकच करता येते, ते म्हणजे त्याला हसणे. वॉर्डल त्याच्यावर खेकसतो, पाहुणे हसतात, वाचक हसतो. जोला काही होते आहे का, असे कादंबरीत कोणी विचारीत नाही.

हा डिकन्सचाच दोष होता असे मात्र नाही. झोपाळू माणूस ही जगभरच्या वाङ्मयात हशाची हक्काची जागा आहे. काळ्या समुद्राकाठच्या हेराक्लियाचा डायोनिसियस नावाचा सत्ताधीश इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. तो इतका स्थूल होता की झोपेत श्वास कोंडू नये म्हणून वैद्य त्याच्या अंगात लांब सुया खुपसून त्याला जागे ठेवीत, असे अथेनीअसने नोंदवले आहे. लोकांना भेटताना तो म्हणे पेटीआड बसे, म्हणजे फक्त चेहरा दिसावा. आपल्याकडे कुंभकर्ण आहे. वाल्मीकीच्या युद्धकांडात त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या झोताने मागे लोटले जातात. त्याच्यापुढे अन्नाचे ढीग रचले जातात, नगारे वाजतात, हत्ती अंगावरून चालवतात. (जोही खाण्यासाठीच जागा होतो, हे साम्य गमतीचे असले तरी त्यावरून कोणी प्रभावाचा सिद्धान्त मांडू नये.) मराठीत ‘कुंभकर्ण’ ही शिवीही आहे आणि लाडाचे नावही.

आपल्या भाषेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मराठी कथेत ‘तो घोरू लागला’ असे वाक्य आले की त्याचा अर्थ ‘तो निश्चिंत, गाढ झोपला’ असा असतो. बायको काळजीने तळमळते आहे आणि नवरा घोरतो आहे, ही चौकट किती कथांत आली असेल ते मोजायलाच नको. घोरणे म्हणजे सुखाची झोप, हे आपण भाषेबरोबर शिकतो. खरे तर घोरणे म्हणजे अरुंद झालेल्या वाटेतून हवा ओढताना होणारी शरीराची झटापट. ते ऐकून निश्चिंत व्हावे असे त्यात काहीच नाही.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांना हे थोडे दिसले होते, असे म्हणायला आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मेद वाढलेल्या माणसाच्या तक्रारींच्या यादीत धाप, तहान, भूक, अतिनिद्रा, घाम ह्यांच्या जोडीला ‘क्रथन’ असा शब्द येतो. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात सुश्रुताचाच हवाला देऊन त्याचा अर्थ श्वास एकाएकी खंडित होणे असा दिला आहे. एवढ्यावरून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह मला नाही. पण एक शब्द होता, तो श्वासाबद्दल होता, आणि तो आपण बोलीत आणला नाही. आपण घोरणे ठेवले आणि त्याला हसणे ठेवले.

आता माझ्या वडिलांविषयी.

ते जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कचेरीत कारकून होते. अंगाने सडपातळ, मान बारीक, हनुवटी थोडी आत गेलेली. ते घोरत, आणि वाड्यातली भिंत पातळ असल्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडातले लोक सकाळी नळावर त्याची चेष्टा करीत. वडीलही हसत. दिवसा मात्र त्यांना झापड येई. वर्तमानपत्र हातातून गळे, जेवताना घास हातात राही. आई म्हणायची, ‘‘अहो, रात्रभर घोरता, मग दिवसा झोप येते तरी कशी?’’ ह्या प्रश्नात सगळा आजार आहे, हे कळायला मला चाळीस वर्षांचा व्हावे लागले. मी चौथीत असताना, १९८८ साली, कामाच्या वेळेत झोपलेले आढळल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. त्यांनी दिलेल्या खुलाशाची कार्बन प्रत अजून घरच्या ट्रंकेत आहे. मी झोपलो नव्हतो, क्षणभर डोळे मिटले होते, असे त्यांनी लिहिले आहे. खुलासा समाधानकारक नाही म्हणून त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. घरातल्या आम्हा सगळ्यांचे मत, मनातल्या मनात, कचेरीच्या बाजूचे होते.

वैद्यकात जोचे नाव रूढ झाले ते १९५६मध्ये. बॉस्टनमधील सी. सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली आणि तिच्या शीर्षकातच ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव घातले. लेखाच्या आरंभी डिकन्सचा उतारा होता. रुग्ण एक्कावन्न वर्षांचा, अतिस्थूल, धंद्यात मोठ्या हुद्द्यावर. तो आठवड्याच्या नेमाने पोकर खेळे. एकदा त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पत्त्यांत असा हात आयुष्यात क्वचित येतो, आणि तो हाती धरून हा गृहस्थ झोपी गेला. त्या चुकलेल्या डावानंतर आपल्याला काहीतरी झाले आहे असे त्याला वाटले आणि तो रुग्णालयात आला. माणसाला आपल्या आजाराची जाणीव कशाने होईल ते सांगता येत नाही.

बरवेल ह्यांचा लेख वाङ्मयप्रेमी माणसाला आवडेल असाच आहे. पण त्यात एक मोठी उणीव राहिली. त्यांनी रुग्णाचे रक्त तपासले, फुप्फुसे तपासली, वजन तपासले. अतिस्थूलपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याने गुंगी येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात तथ्य आहे. तसा विकार आजही वेगळा ओळखला जातो. मात्र ज्याची मुख्य तक्रार झोप आहे अशा माणसाची झोपच कोणी पाहिली नाही. डिकन्सने जो दिवसा पाहिला होता, बॉस्टनच्या डॉक्टरांनीही आपला जो दिवसाच पाहिला. तो रात्री काय करतो हे वॉर्डललाही ठाऊक नव्हते.

झोपेकडे रात्री पाहायचे तर आधी झोप ही पाहण्याजोगी वस्तू आहे असे वाटायला हवे. फार काळ ती केवळ जागेपणाचा अभाव मानली जात होती. दिवा मालवल्यावर खोलीत पाहायचे काय? जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर ह्यांनी मेंदूतील विद्युतलहरींची माणसावरची नोंद १९२९मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा प्रथम झोपलेल्या माणसाला न उठवता त्याची झोप वाचता येऊ लागली. शिकागोत नथॅनियल क्लाइटमन ह्यांनी सारे आयुष्य झोपेच्या अभ्यासाला वाहिले. १९३८मध्ये एका सहकाऱ्यासह ते केंटकीतील मॅमथ गुहेत बत्तीस दिवस राहिले होते, सूर्य नसला तर शरीर दिवस कसा मोजते ते पाहायला. त्यांचे विद्यार्थी युजीन अझेरिन्स्की ह्यांनी आपल्या लहान मुलाच्या डोळ्यांना तारा लावून रात्र काढली आणि झोपेत एका विशिष्ट काळी डोळे झपाट्याने हलतात हे शोधले. १९५३मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि झोपेचे आतून भाग पडले. मग अनेक यंत्रे एकत्र जोडून रात्रभर नोंद घेण्याची रीत बसली. १९६८च्या प्रमाण नियमावलीनुसार कागद सेकंदाला दहा मिलिमीटर सरकायचा. आठ तासांच्या झोपेचा हिशेब केला तर कागद होतो दोनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. कोणीतरी तो दुसऱ्या दिवशी पानापानाने वाचायचा.

ही यंत्रे जोच्या वारसांना लावली गेली ती १९६५च्या सुमारास, आणि ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे : फ्रान्समधील मार्सेय येथे आंरी गास्तो आणि सहकाऱ्यांकडून, जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो ह्यांच्याकडून. दोन्ही ठिकाणी दिसले ते एकच. रुग्ण झोपला की त्याचा श्वास थांबत होता. छाती-पोट हवा ओढण्यासाठी धडपडत होते, पण घसा मिटलेला. रक्तातला प्राणवायू उतरत जाई, शेवटी मेंदू क्षणभर जागा होई, घसा मोठ्या आवाजाने उघडे, माणूस पुन्हा झोपे, आणि पुन्हा तेच. रात्रीतून शेकडो वेळा. जागे झाल्याचे त्या माणसाला काहीही आठवत नसे. दिवसाची झोप ही रात्रीच्या चोरीची भरपाई होती. आईच्या प्रश्नाचे उत्तर असे तिने तो विचारण्यापूर्वी वीसएक वर्षे मार्सेयच्या कागदावर उमटून गेले होते.

घसाच का मिटतो, ह्याचे उत्तर भाषेच्या माणसाला अस्वस्थ करणारे आहे. पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतचा हा मार्ग स्नायूंचा आहे, त्याला हाडाची चौकट नाही. माणसाचे स्वरयंत्र इतर प्राण्यांच्या मानाने खाली सरकलेले आहे, आणि ह्या लवचिक नळीला हवा तसा आकार देता येतो म्हणूनच आपण इतके वेगवेगळे स्वर उच्चारू शकतो. जागेपणी स्नायू ही नळी ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात. म्हणजे हा आजार वाणीसाठी मोजलेली किंमत आहे, असा तर्क काही संशोधकांनी केला आहे. तर्कच तो, आणि चपट्या नाकाच्या बुलडॉग कुत्र्यालाही हा विकार होतो हे त्यात बसवावे लागते. पण दिवसाला चार तास व्याख्याने देणाऱ्या माणसाने तो एकदा ऐकला की विसरत नाही.

कारण कळले, तरी उपाय भयंकर होता. १९६९मध्ये कूलो आणि सहकाऱ्यांनी मानेला भोक पाडून श्वासनलिका थेट बाहेर उघडण्याची शस्त्रक्रिया ह्या रुग्णांवर केली. मिटणारा घसा वाटेतून वगळायचाच. दिवसा भोकाला बूच लावायचे म्हणजे बोलता येते, रात्री बूच काढायचे. रुग्ण चमत्कार व्हावा तसे बरे होत. पण मानेला भोक घेऊन जगायला किती जण तयार होतील? बोलोन्याच्या एलिओ लुगारेझी ह्यांनी ह्याच काळात साधे घोरणे आणि हा आजार ह्यांतील नाते, आणि त्याचा रक्तदाबाशी संबंध, चिकाटीने उलगडला. घोरण्याकडे गांभीर्याने पाहणारा पहिला मोठा वैद्य म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आदर आहे.

माझ्या दृष्टीने ह्या इतिहासातील कळीचे वर्ष १९७६. स्टॅनफर्डमधील क्रिस्तियान गियमिनो, टिल्कियन आणि विल्यम डिमेंट ह्यांनी ह्या विकाराचे नाव बदलले. ‘स्लीप ॲप्निया’ : ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता, श्वास नसणे. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबला तर तो एक खंड मोजायचा. ह्या नावात जो नाही, पिकविक नाही, पोट नाही. आणि नाव बदलण्यामागे हेतू होता : स्थूल नसलेल्या माणसांनाही हा आजार होतो, हे सांगायचे होते. साहित्याच्या शिक्षकाने खरे तर एका वाङ्मयीन नावाच्या जाण्याने हळहळावे. मला हळहळ वाटत नाही. ते नाव होते तोवर आजार ओळखण्यासाठी आधी माणूस लठ्ठ, लाल आणि विनोदी दिसावा लागत होता. आशियाई लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे कमी वजनावरही हा विकार होतो, हे आता सर्वमान्य आहे. बारीक मानेचा, हनुवटी आत गेलेला एक कारकून ह्या चित्रात कुठेच बसत नव्हता. तशाच बायकाही. घोरणारी बाई वाङ्मयात जवळजवळ नाहीच. वैद्यकातही ती उशिराच आली. विस्कॉन्सिनमध्ये टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी तीस ते साठ वयाच्या ६०२ नोकरदार स्त्रीपुरुषांची रात्रभर नोंद घेतली. १९९३मध्ये त्यांनी जाहीर केले की पुरुषांपैकी चार टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी दोन टक्क्यांना लक्षणांसह हा आजार आहे. त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

मानेच्या भोकाला पर्याय सिडनीत सापडला. कॉलिन सलिवन हे टोरांटोत कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनाचा अभ्यास करून परतले होते, आणि कुत्र्यांच्या तोंडाला बसणारे मुखवटे त्यांनी बनवले होते. जून १९८०मध्ये एका रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली होती; त्याने ती नाकारली, पण प्रयोगाला मात्र तो आनंदाने तयार झाला. सलिवन ह्यांनी त्याच्या नाकावर मुखवटा चिकटवून हलक्या दाबाने हवा सोडली. फुग्यात फुंकर भरून ठेवावी तसा आतल्या हवेनेच घसा उघडा राहिला. दाब कमी केला की श्वास अडके, वाढवला की मोकळा होई. त्या रात्री तो माणूस वर्षांनंतर अखंड झोपला. पाच रुग्णांवरील निष्कर्ष एप्रिल १९८१च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीइतका. मुलाच्या फुंकरीएवढा म्हणा. घरी वापरण्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती, आणि मुखवटा रोज रात्री सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवावा लागे. ह्याच यंत्राला आज ‘सीपॅप’ म्हणतात.

मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडेसात टक्के पुरुषांना हा आजार निघाला. तरीही मराठी वर्तमानपत्रांत तो घरोघर पोचला तो फेब्रुवारी २०२२मध्ये, बप्पी लाहिरी गेले तेव्हा. त्यांच्या मृत्यूच्या बातमीत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे शब्द होते. छायाचित्र मात्र पुन्हा एका जाड्या, हसऱ्या माणसाचे.

मी जाडा नाही. दोनतीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या पर्यवेक्षणात मला उभ्या उभ्या झोप लागली आणि विद्यार्थ्यांनी ‘कुंभकर्ण’ हे नाव ठेवले. मग एका चर्चासत्रात मी अध्यक्षस्थानी झोपलो, पण तिथे तो अपवाद समजला जात नाही. खरी साक्ष पत्नीची. ‘‘अहो, तुमचं घोरणं मधेच बंद होतं ना, तेव्हा मला भीती वाटते. मी मोजते. एकदा चाळीसपर्यंत मोजले.’’ ह्या साऱ्या इतिहासात डॉक्टरांची नावे आहेत. अंधारात आकडे मोजणाऱ्या बायकांचे नाव कुठेच नाही. पहिले निदान बहुधा त्यांचेच होते.

रात्रभराच्या तपासणीला जाताना डोक्याला तेल लावू नका अशी सूचना होती. त्याआधी एक प्रश्नावली भरून घेतली. ती मेलबर्नच्या मरे जॉन्स ह्यांनी १९९१मध्ये केली आहे : आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती ते लिहायचे. एक प्रसंग दुपारी आडवे होण्याचा होता. वामकुक्षी हा जिथे संस्कार आहे तिथल्या माणसाने त्याचे उत्तर काय द्यावे? मग तंत्रज्ञ मुलीने तासभर तारा लावल्या : डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीपोटाला पट्टे, पायांना, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. त्या अवस्थेत मी रात्रभर छताकडे बघत पडलो. सकाळी तिला म्हणालो, ‘‘फुकट गेली तुमची मेहनत. मी झोपलोच नाही.’’

ती पडद्याकडे बघत म्हणाली, ‘‘सर, तुम्ही पाच तास चाळीस मिनिटं झोपलात. त्यात दोनशे सहासष्ट वेळा श्वास अडकला.’’

तासाला सत्तेचाळीस. तीसच्या पुढे तीव्र समजतात. प्राणवायू एकदा एकाहत्तर टक्क्यांवर उतरला होता. पण त्या क्षणी मला त्या आकड्यांपेक्षा ट्रंकेतली कार्बन प्रत दिसत होती. मी खोटे बोललो नव्हतो. आणि पडद्यावरची नोंदही खोटी नव्हती.

यंत्राशी जुळवून घेणे ही वेगळीच कथा आहे. पहिल्या आठवड्यात मुखवटा चढवला की पाण्याखाली गेल्यासारखे वाटे आणि मी तो झोपेत ओरबाडून काढी. डॉक्टरांनी युक्ती सांगितली : दिवसा, वाचताना तो लावून बसा. मी तो लावून उत्तरपत्रिका तपासल्या. तोंड उघडे राहिले की हवा तिथून निघे आणि जीभ सकाळी लाकडासारखी होई. मग पाणी तापवून हवेला ओल देणारे भांडे जोडले. नाकाच्या कण्यावर वळ उठला. वीज गेली की हवा थांबते, उठून मुखवटा काढावा लागतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जातेच. गावी जाताना यंत्राची पिशवी पाहून लोक विचारतात.

सुटलेले लोक पुष्कळ आहेत, ही मला तेव्हा दिलासा देणारी माहिती होती. १९९३च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी यंत्राच्या आतच तासांची गुप्त नोंद ठेवली. तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण नियमित वापरताना आढळले, आणि आपण किती वापरतो हे त्यांनी सांगितले होते ते फुगवून. २०१६मध्ये भारतासह सात देशांतील २७१७ हृदयरुग्ण व पक्षाघाताच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीत सीपॅपने पुढचे झटके टळल्याचे दिसले नाही. त्यांचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता. झोप मात्र त्यांची कमी झाली, मन सुधारले. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत स्थूल रुग्णांतील ह्या आजारासाठी वजन घटवणाऱ्या टिर्झेपटाइड ह्या औषधाला मान्यता मिळाली. ते उपयोगी आहे, पण त्याच्या बातम्यांबरोबर जो पुन्हा दारात येऊन ठोठावू लागेल अशी मला शंका आहे.

माझे यंत्र आता रोज सकाळी तास दाखवते. साडेसहाच्या आसपास असतात. पाणी अकरा सेंटिमीटर. तासातले खंड तीन. पहिल्या महिन्यात पत्नीला माझ्या शांततेनेच जाग येई. ती हात पुढे करून नळीतली हवा लागते का ते पाही. अजूनही कधी कधी पाहते.

वडील २००६मध्ये पक्षाघाताने गेले. त्यांना हाच आजार होता असे मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाला तारा लावता येत नाहीत. तपासणीच्या अर्जात कौटुंबिक इतिहासाचा रकाना होता, तिथे मी ‘वडील घोरत, निदान नाही’ एवढेच लिहिले. दिवाळीत आईला सगळे सांगितले, मुखवटा लावून दाखवला. ती बराच वेळ यंत्राकडे बघत होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे ते कचेरीत खरंच झोपले नव्हते?’’

‘‘झोपले असतील,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांना कळलं नसेल.’’

तिने ती कार्बन प्रत मागितली. चष्मा लावून वाचली आणि घडी जुनीच ठेवून मला परत दिली.